कायद्याबाहेरची वेळ

आईला घड्याळ कळतं, पण पटत नाही. ताई लिस्बनला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी दिवसातून दोनदा तिचा प्रश्न ठरलेला, "आतां थंय कितले वाजले?" मी सांगतो, सकाळचे साडेसात. लगेच पुढचा प्रश्न, "म्हळ्यार उठल्या?" आकडा तिला नकोच असतो. ताई उठली का, जेवली का, घरी पोचली का, एवढंच हवं असतं. त्यासाठी तिने स्वतःचं एक कोष्टक करून ठेवलंय. आपली दुपारची शीतकडी झाली की ताईची न्याहारी. आपण सांजवात लावली की ताईचं दुपारचं जेवण. आपण निजलो की ताई कामावरून सुटली. युरोपवाले वर्षातून दोनदा घड्याळ तासभर पुढे-मागे करतात, पण तो तास या कोष्टकात कुठे जिरतो ते कळतही नाही, कारण आमच्या घरची जेवणंच तासभर पुढे-मागे होतात.

माझं तसं नाही. मी पणजीत एका मराठी दैनिकाच्या रात्रपाळीत आहे. शेवटचं पान सोडून मळा या पणजीतल्याच भागातल्या घरी यायला रात्रीचा दीड वाजतो. हिवाळ्यात तेव्हा लिस्बनला संध्याकाळचे आठ आणि उन्हाळ्यात नऊ. ताई भांडी आवरत असते. "जेवलो मरे?" हे तिचं पहिलं वाक्य, आणि दीड वाजता माणूस जेवलेलाच असणार हे तिला गेल्या कित्येक वर्षांत सांगून झालंय. आमच्या घरात बोलणं कोंकणीत आणि लिहिणं-वाचणं मराठीत. त्याचं गोव्यात कुणाला नवल वाटत नाही, बाहेरच्यांना वाटतं.

ताई तिथे पोचली ती एका तारखेमुळे. 19 डिसेंबर 1961. त्याआधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. भावजींचे वडील त्या तारखेच्या आधीचे. पासपोर्ट मिळाल्यावर बहुतेक जण लिस्बनला नुसता पाय लावून इंग्लंडला जायचे. ही दोघं मात्र तिथेच राहिली, शहराला लागून असलेल्या ओदिव्हेलासमध्ये. का राहिलात, असं विचारलं तर ताई म्हणते, नदी बघितली आणि वाटलं की आपण पणजीतच उतरलो, फक्त मांडवी कुणीतरी ओढून रुंद केलीय.

तर तो तास. पोर्तुगालमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. म्हणून आमच्यातलं अंतर हिवाळ्यात साडेपाच तासांचं आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. एकदा मार्च उलटल्यावर पोर्तुगालच्या एका फुटबॉल सामन्याची वेळ मी सवयीने साडेपाचच्या हिशोबाने छापली. साडेबाराचा सामना दीडचा झाला. गोव्यात पोर्तुगालचा सामना चुकवणं म्हणजे काय ते बाहेरच्याला समजावून सांगता येणार नाही. दीड वाजता टीव्ही लावलेल्यांना थेट उत्तरार्धच दिसला आणि त्यातले निम्मे तरी लोक दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या फोनवर होते. एका आजोबांनी तर शुद्ध मराठीत विचारलं, "आपण वर्तमानपत्र काढता की भूतपत्र?"

त्या मारानंतर मी हा विषय जरा मनावर घेतला. शेवटचं पान यायची वाट बघत बसलं की हाताशी तासभर असतो. अशाच एका रात्री अ‍ॅटलास उघडून रेखांश काढले. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते हे शाळेतच घोकलेलं. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे तिकडे मिर्झापूरजवळची. पणजी 73.8 अंशांवर. वजाबाकी करून चारने गुणलं की येतात पस्तीस मिनिटं. म्हणजे मिर्झापूरच्या डोक्यावर सूर्य आला की आमचं घड्याळ बारा दाखवतं, पण आमच्या डोक्यावर यायला त्याला आणखी पस्तीस मिनिटं लागतात. मग लिस्बन. तिथली वेळ ग्रीनिचची आणि शहर ग्रीनिचच्या पश्चिमेला 9.14 अंशांवर. चारने गुणलं. सदतीस मिनिटं.

मी दोनदा गुणाकार केला. दोन शहरं, दोन खंड, मध्ये अरबी समुद्रापासून अटलांटिकपर्यंतचा पसारा, आणि दोघांची घड्याळं आपापल्या सूर्याच्या जवळजवळ सारखीच पुढे. एकाला मिर्झापूरने घाई केली, दुसऱ्याला ग्रीनिचने. सूर्याने मोजलं तर पणजी आणि लिस्बनमध्ये पाच तास बत्तीस मिनिटं आहेत आणि हिवाळ्यातलं घड्याळ साडेपाच सांगतं. दोन मिनिटांचा फरक. तो तर फोनची रिंग वाजून ताईने उचलेपर्यंतच जातो.

दोन्हीकडे ही घाई एकेकाळी वरून आलेली. लिस्बनची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचपेक्षा 36 मिनिटं 45 सेकंद मागे, आणि 1 जानेवारी 1912 पासून ती मोडून ग्रीनिचची घेतली. आपल्याकडे प्रमाणवेळ 1906 मध्ये आली, पण मुंबईने तिला दाद दिली नाही. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे होती आणि ती मुंबईत 1955 पर्यंत चालू राहिली. एका शहराने एकोणचाळीस मिनिटांसाठी जवळजवळ पन्नास वर्षं हट्ट धरला. मला या हट्टाचं फार कौतुक आहे. आज मुंबईत कुणाला एकोणचाळीस सेकंदही परवडत नाहीत.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तें म्हाका खबर आसा." मग उठून मला अंगणात घेऊन गेली. आमच्या तुळशीवृंदावनाची सावली तिच्या लेखी घड्याळच आहे. मेच्या सुरुवातीला पणजीत सूर्य भर डोक्यावर येतो आणि वृंदावनाची सावली पायाशी गोळा होऊन नाहीशी होते. ती बाराला कधीच नाहीशी होत नाही, साडेबारा वाजून गेल्यावर होते, हे आईला सासरी आल्यापासून माहीत होतं. तिने त्याचा कुठल्या रेखांशाशी संबंध लावला नव्हता, इतकंच. घड्याळ पुढे आहे असं तिचं आपलं मत होतं.

जून 2018 मध्ये आम्ही दोघं ताईकडे गेलो. पहिल्याच संध्याकाळी पेच पडला. सात वाजले. ताईने देवापुढे दिवा लावायला घेतला आणि आईने तिचा हात धरला. बाहेर चक्क ऊन होतं. "सूर्य बुडूंक ना अजून, दिवो कसो लायता?" ताई म्हणाली, आई, इथे तो नऊला बुडतो, मी रोज सातलाच लावते. आईने ऐकलं नाही. ती गॅलरीत खुर्ची टाकून सूर्यावर पहारा देत बसली. आठ वाजले. समोरच्या इमारतीतली मुलं खाली खेळत होती. साडेआठ वाजले. भावजी भुकेने स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून गेले. नऊ वाजून पाच मिनिटांनी सूर्य गेला, आईने दिवा लावला, 'शुभं करोति' म्हटलं आणि मगच पानं घेतली. "थंयचो सूर्य पिसो," असं ती गोव्यात परतल्यावर शेजारणीला सांगत होती. तिचं सांगणं अगदीच खोटं नाही. जूनमध्ये लिस्बनचा दिवस जवळजवळ पंधरा तासांचा असतो, डिसेंबरात साडेनऊ तासांचासुद्धा नसतो. आमचा सूर्य बारा महिने मुठीत राहिल्यासारखा, जूनमध्ये सात-सव्वासातला जातो, डिसेंबरात सहा वाजून गेल्यावर. तिकडे तो उन्हाळ्यात उधळतो आणि हिवाळ्यात सव्वापाचलाच दुकान बंद करतो.

त्या दिव्याच्या प्रकरणानंतर मी मुद्दाम आईला काइश दु सोद्रेला घेऊन गेलो. नदीकाठचा हा भाग आपल्या बेतीच्या धक्क्यासारखा, पलीकडच्या तीरावर जाणाऱ्या फेरीबोटी इथूनच सुटतात. तिथे एक घड्याळ उभं आहे आणि त्यावर लिहिलंय 'ओरा लेगाल'. कायदेशीर वेळ. बंदरातल्या बोटींनी आपली घड्याळं त्यावरून लावावीत म्हणून शंभरेक वर्षांपूर्वी ते बसवलेलं. आईने लहानपणी पोर्तुगीज शाळेत दोन-तीन वर्षं काढलीत. तिने ती अक्षरं सावकाश लावली आणि 'ओरा' या शब्दावर थांबली. "वरां!" आपल्याकडे जुनी माणसं कोंकणीत 'कितलीं वरां जालीं' विचारतात, तो शब्द तिला तिथे दगडाविटांत भेटला. 'चावी' आणि 'पगार' इकडून तिकडे गेले नाहीत, तिकडूनच आपल्याकडे आले हे मला ठाऊक होतं, पण तिच्या चेहऱ्यावर परक्या गावात माहेरचं माणूस दिसल्याचा भाव होता. मग तिने विचारलं, "हें कायद्याचें वर. कायद्याभायलें खंय मेळटा?"

योगायोग असा की तेही तिथेच मिळतं. त्या घड्याळापासून चार पावलांवर एक जुना बार आहे आणि त्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे उलटे फिरतात. आकडेही उलट्या क्रमाने रंगवलेले. वेळ मात्र बरोबर दाखवतं, वाचणाऱ्याने डोकं उलटं चालवलं तर. आईला बारमध्ये नेणं हा माझ्या आयुष्यातला एक धाडसी प्रसंग. ती दारातूनच डोकावली, काटे बघितले आणि इतकी हसली की गल्ल्यावरचा म्हातारासुद्धा हसायला लागला. त्याने तिला पाणी आणून दिलं.

आता शहरांच्या स्वभावाबद्दल. गोवा म्हटलं की 'सुशेगाद' हा शब्द येतोच. तो पोर्तुगीजमधून आलेला आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी चघळून चोथा केलेला. पहाटे तीनला भट्टी पेटवणारा पोदेर म्हणजे पाववाला, पाचला जेटीवर मासळी उतरवणारे, रात्री दीडला पान सोडणारे आम्ही, यात सुशेगाद नेमका कोण ते मला सापडलेलं नाही. दुपारी एक ते साडेतीन-चार पणजीतली जुनी दुकानं बंद असतात हे खरं. ती झोप आम्ही पोर्तुगीजांकडून उचलली असं सर्रास सांगितलं जातं. मी ताईकडे असताना मुद्दाम दुपारी दोनला रस्त्यावर उतरलो. दुकानं उघडी, कॅफे भरलेले, लोक उभ्याउभ्या इवल्या कपातली 'बिका' पिऊन पुन्हा कामाला पळताहेत. दुपारची झोप आम्हाला आमच्या उन्हाने आणि हुमण-शिताने शिकवली, तिचं श्रेय दुसऱ्या कुणाला देऊ नये. लिस्बन झोपतं ते ऑगस्टात. 'सुटीवर आहोत' अशी चिठ्ठी दाराला लावून दुकानदार गावी किंवा समुद्राकडे जातात. आम्ही झोप रोज थोडीथोडी घेतो, ते वर्षाची एकदम काढतात.

ताईचा तिथला आवडता शब्दप्रयोग 'व्हाय-से आंदांदु'. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला कसं काय विचारलं की ती हेच म्हणते. शब्दशः अर्थ, चालत राहिलंय. आपलं 'चाललंय'. सूरही तोच, बरं नाही आणि वाईटही नाही असा, खांदे किंचित उडवून. आणि दुसरा शब्द 'आमान्यां', उद्या. ताईच्या घरचा नळ गळायला लागला तेव्हा प्लंबर तीन वेळा 'आमान्यां' म्हणाला. ताईने मला रात्री फोनवर सांगितलं तेव्हा मला आमच्या प्लंबरचं 'फाल्यां येतां' ऐकू आलं. फरक एकच. तिचा प्लंबर शेवटी आला तेव्हा बरोबर ठरल्या मिनिटाला आला. आमचा आला तेव्हा मी विसरूनही गेलो होतो की नळ गळतोय.

वक्तशीरपणाचा आमचा हिशेब वेगळाच आहे. लग्नपत्रिकेवर मुहूर्त 12 वाजून 17 मिनिटांचा, आणि त्या मिनिटाला अक्षता पडतातच. त्याच गावातलं जत्रेतलं नाटक रात्री दहाचं जाहीर होतं आणि पहिली घंटा साडेबाराला. दहाला येऊन बसणाऱ्याला लोक विचारतात, घरी काही भांडण झालं का? मुहूर्ताचं तसं नाही, कारण तो सूर्यावरून काढतात. माझ्या लक्षात हे उशिरा आलं, पण भटजी पंचांगातून त्या-त्या गावचा सूर्योदय धरतो, म्हणजे मिर्झापूरची पस्तीस मिनिटं पणजीत हिशोबात घेणारा अजूनही तोच एक. त्यामुळे ताईच्या संकष्टीची पंचाईत. आईच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला चंद्रोदय ताईच्या उपयोगाचा नाही. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी बदलते, पण तो क्षण तिच्या सूर्योदयाच्या अलीकडे पडतो की पलीकडे, यावर तिचा सण कधी कधी आमच्यापेक्षा दिवसाने वेगळा. लिस्बनमधल्या लुमियारला राधाकृष्णाचं मोठं देऊळ आहे. मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती लोकांचा तिथे राबता. ताई त्यांना विचारून घेते आणि मग आईला कळवते. आई ऐकून घेते आणि आपल्याच दिवशी उपास धरते, ताईच्या वाट्याचाही.

लिस्बननेही एकदा परक्या वेळेचा मोठा घास घेऊन बघितला होता. 1992 मध्ये तिथल्या सरकारने मध्य युरोपाची वेळ लावली, बाजारपेठेला सोयीची म्हणून. आधीच सूर्याच्या सदतीस मिनिटं पुढे असलेलं घड्याळ आणखी तासभर पुढे गेलं. शेजारची म्हातारी ताईला सांगते, हिवाळ्यात नातवंडं काळोखात शाळेत जायची आणि पहिला तास संपत आला तरी बाहेर उजाडलेलं नसायचं, उन्हाळ्यात रात्री दहा वाजता त्यांना झोपवायला पडदे ओढावे लागायचे. चार वर्षंही ते टिकलं नाही, 1996 मध्ये पुन्हा ग्रीनिचवर आले. शेजारी स्पेन 1940 पासून त्या पुढच्या वेळेत आहे आणि अजून बाहेर आलेला नाही, म्हणून तिथली जेवणं रात्री दहाला. सीमेवरच्या नदीच्या अलीकडे पोर्तुगाल, पलीकडे स्पेन, पूल ओलांडला की एक तास गेला. सातार्डा ओलांडून सावंतवाडीला जाताना असं होऊ लागलं तर आमच्या अर्ध्या गोव्याची सोयरीक मोडेल.

2019 ची दिवाळी मात्र विसरण्यासारखी नाही. त्या वर्षी क्यार चक्रीवादळाने आठवडाभर झोडपलं होतं. नाफ्था भरलेलं एक जहाज भरकटत येऊन दोनापावलाजवळ खडकात अडकलं होतं आणि आमचं पहिलं पान रोज त्याच्यावरच. वाड्यावाड्यावर पोरांनी केलेले नरकासुर ताडपत्रीखाली भिजत उभे. नरकचतुर्दशी आली 27 ऑक्टोबरला, रविवारी. मी रात्रपाळी संपवून घरी आलो तो झोपलोच नाही. आईनेही झोप काढली नव्हती. लिस्बनला शनिवारची रात्र होती, ताई म्हणाली, मीही जागते.

पाचच्या सुमाराला मळ्यातला नरकासुर जाळला. ओला कागद, ओलं गवत, धूर जास्त आणि ज्वाळा कमी. मी फोन उंच धरून ताईला दाखवला. तिच्याकडे साडेबारा वाजले होते आणि भावजी मागे सोफ्यावर घोरत होते. मग घरी येऊन अभ्यंगस्नान, तुळशीपुढे डाव्या अंगठ्याखाली कारीट फोडलं, आईने त्याची बी जिभेला लावायला दिली, मी कडू तोंड केलं ते ताईला पुन्हा करून दाखवावं लागलं. आईने फोवांची ताटं मांडली. गुळाचे, दुधाचे, ताकातले, बटाट्याचे. फोन पाटावर उभा केला, तांब्याला टेकवून, म्हणजे ताई पंगतीतच बसल्यासारखी. तिने तिकडे वाटीभर पोहे भिजवून ठेवलेच होते.

आमच्याकडे साडेसहा व्हायला आले होते. गल्लीच्या तोंडाशी पोदेराचा भोंपू वाजला. आणि ताई एकदम म्हणाली, "राव, राव, हें पळय." तिने आपल्या मोबाईलचं घड्याळ लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापुढे धरलं. एक वाजून एकोणसाठ. आम्ही तिघंही बघत बसलो. आकडा बदलला. एक.

"परत एक वाजलो?" आईने विचारलं.

"परत एक वाजलो," ताई म्हणाली. "एक तास फुकट मेळ्ळो."

आईने क्षणभर विचार केला. मग ताकातल्या फोवांचं भांडं उचलून तिने ताईच्या रिकाम्या पाटापुढच्या ताटलीत आणखी एक डाव वाढला आणि मला म्हणाली, "पोदेर वचपाक लागला, उंडे हाड."

दोन दिवसांनी भाऊबीजेला मी दुपारी साडेबाराला, आठचा हिशोब धरून, ताईला फोन केला. तिथे सात वाजले होते. तोंडात ब्रश होता तिच्या.